बाराव्या खणातली राखीव डिस्क

बौद्धवाडी वाचनालय,
ता. खेड, जि. रत्नागिरी
११ ऑगस्ट २०२४

प्रिय अभय,

सप्रेम जयभीम.

आबांच्या कपाटात अंतर्देशीय पत्रांचा अख्खा गठ्ठा सापडला. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटली आणि स्वतःसाठी घेतलेली कोरीच ठेवून गेले. फेकवेनात, म्हणून ठरवलं की तुझ्यावर संपवायची. मेसेजात तू 'बरं' लिहितोस आणि मी अंगठा पाठवते, त्यात भावाबहिणीचं बोलणं कसलं होतंय! फोनचं तर विचारू नकोस, इकडच्या रेंजचं तुला ठाऊक आहे.

आता कामाचं. सात वर्षांपूर्वी तू वाचनालयात जी बारा खणांची, डिस्कची पेटी बसवून गेलास, तिच्या सातव्या खणाचा दिवा लाल झालाय. काल सगुणामावशी पुस्तक बदलायला आली ती दारातच थबकली. म्हणाली, "गो दर्शू, ही पेटी कवाधरनं बोंबलतेय? तुला आयकू येत न्हाय काय?" मी म्हटलं, आत्ताच सुरू झालं असेल, मी मागे पुस्तकांवरची बुरशी पुसत होते. या पावसात निम्मं कपाट पांढरं झालंय.

पेटीत काय काय आहे ते तुला सांगायला नको. आबांनी टपाल वाटता वाटता वाड्यावाड्यांतून टेप केलेली बायकांची गाणी, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, फोटो, सगळंच. पण एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. जानेवारीत आबांच्या टपालाच्या पिशवीच्या तळाला एक कॅसेट मिळाली. वर त्यांच्या अक्षरात: 'चंपा, जातं, मार्च १९८९.'

आपली आई, अभय. जात्यावर गातेय.

मी ती पेटीत उतरवून घेतली आणि शेवटाला टेप तुटली. इतकी कुजली होती की चिकटवायलाही हाताला लागेना. उतरवलेलं लावून दोनच ओव्या ऐकल्या आणि बंद केलं. फणसाचा शेवटचा गरा राखून ठेवावा ना, तसं केलं. आता वाटतं, तेव्हाच ऐकून टाकायला हवं होतं.

हे सगळं ठीक व्हायला किती दिवस लागतील? लवकर कळव. कागद संपला.

तुझी,
ताई


हैदराबाद
१७ ऑगस्ट २०२४

ताई,

सप्रेम जयभीम.

आईची टेप! आणि हे तू मला सात महिन्यांनी, लाल दिव्याच्या निमित्ताने सांगतेस?

मी इथून इंटरनेटवर पेटीत डोकावून बघितलं. सातवी डिस्क २ ऑगस्टला सकाळी पावणेअकराला गेली. भोंगा तेव्हापासून वाजतोय. तुझं पत्र ११ तारखेचं. नऊ दिवस, ताई! तुझं टेबल त्या पेटीपासून चार हातांवर आहे. त्या भोंग्याने रस्त्यावरची कुत्री उठतात.

दुसरं. बाराव्या खणात मी राखीव डिस्क ठेवली होती. ती ९ मार्चपासून तिथे नाहीच असं पेटी म्हणते. कुठे गेली?

तिचं काम काय होतं ते पुन्हा सांगतो. एका कागदावर दहा आकडे लिही आणि खाली त्यांची बेरीज. एखादा आकडा पुसला गेला तरी बेरजेवरून तो काढता येतो ना? पेटी तेच करते. अकरा डिस्कमध्ये गाणी आणि बेरजा मिसळून ठेवलेल्या आहेत. एक गेली तरी काही हरवत नाही. पण दुसरी जायच्या आत पुसलेले आकडे पुन्हा लिहून काढावे लागतात. ते राखीव डिस्कवर आपोआप लिहिले जातात, माणसाने उठायचीही गरज नसते. ती असती तर ५ ऑगस्टपर्यंत सगळं भरून आलं असतं. आता आपण विनाराखीव उभे आहोत, आणि तिसऱ्या खणातली डिस्कही कुरकुरायला लागली आहे.

तू माझ्यावर रागावली आहेस हे मला कळतं. दीड वर्ष फोन उचलत नाहीस. आबांना पोहोचवायला मी आलो नाही, पुण्यानुमोदनालाही आलो नाही. बोल मला, हवं तेवढं बोल. पण राग माझ्यावर काढ, पेटीवर काढू नकोस.

डिस्क पाठवतोय. तोवर काहीही वाजवू नकोस. आईची टेप तर मुळीच नको.

अभय


बौद्धवाडी वाचनालय
२३ ऑगस्ट २०२४

प्रिय अभय,

सप्रेम जयभीम. पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग स्वतःचा, मग चहा केला.

राखीव डिस्क मी काढली. चोरीला गेली असं लिहिणार होते, पण आबांच्या कागदावर खोटं लिहवेना. तुला वाटेल ताईने अजागळपणा केला. तसं नव्हतं. मी रोज तिच्यासमोर बसायचे. अकरा दिवे दिवसभर लुकलुक करायचे आणि बाराव्याचा नुसता एक हिरवा ठिपका. हलायचा नाही, मिटायचा नाही. सात वर्षं नुसती बसून होती, कुणी पडेल म्हणून वाट बघत. मला तिच्याकडे बघवेनासं झालं.

का, ते तुला कळायचं नाही. तू शिकायला गेलास तेव्हा आबांसाठी दर्शना आहेच. काकांच्या स्नेहलचं बाळंतपण आलं, दर्शना आहेच. काकांचं ऑपरेशन, दर्शना आहेच. लोट्याच्या कंपनीतली नोकरी मी सोडली तीही आबा पडले म्हणून. कुणाचं काही मोडलं की मला हाक, आणि मोडलेलं नसेल तेव्हा मी आहे हे कुणाच्या लक्षातही नाही. मार्चमध्ये संदेश आला, खेडचा लग्नाची शूटिंग करतो तो, पेटीतल्या मुलाखती त्यानेच काढल्या. त्याला डिस्क कमी पडत होती. मी बारावी ओढली आणि त्याच्या हातात दिली. मनात म्हटलं, जा बाई, चार लग्नं तरी बघ. आता ती पोटात सतरा लग्नं घेऊन खेडच्या बाजारात बसली आहे आणि संदेश म्हणतो, ताई, पुसता नाही येणार, लोकांचे अल्बम अजून व्हायचेत.

चूक झाली. कबूल.

भोंग्याचं काय सांगू? कामात होते असं समज. आणि मी रागावलेली नाही. आबा गेले तेव्हा तू असतास तर बरं वाटलं असतं, एवढंच. त्याच्यापलीकडे काही मनात असतं तर हे सगळं लिहीत बसले नसते.

किती दिवस लागतील हे तू लिहिलं नाहीस. मला घाई आहे. का, ते विचारू नकोस.

ताई


हैदराबाद
३० ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम.

सतरा लग्नं वाचून मी ऑफिसात एकटाच हसलो. पुढचं वाचून हसू गेलं. चार दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो.

डिस्क कुरिअरने निघाली आहे. सातव्या खणात बसव, पण स्क्रीनवरचं 'सुरू करा' दाबू नकोस. तिसरीची तब्येत बघून मी इथून दाबेन. जुन्या रीतीने हे काम तीन दिवस चालतं. उरलेल्या दहा जणी वाचून दाखवणार आणि नवी एकटी सगळं लिहून घेणार. दहा सांगणाऱ्या आणि एक लिहिणारी, मग वेळ लागणारच. त्या तीन दिवसांत बाकीच्यांवर एवढा ताण येतो की अशक्त असेल ती तिथेच बसते.

म्हणून मी ऑक्टोबरात येऊन सगळं नव्या रीतीने मांडायचं म्हणतोय. तुझं पत्र वाचल्यावर तर ठरवलंच. नव्या रीतीत कुणाला राखीव म्हणून बसवत नाहीत. बाराही जणी कामाला असतात आणि प्रत्येकीने आपल्यात थोडी जागा रिकामी ठेवायची असते. बेरजा आजही सगळ्यांत विखुरलेल्या आहेत, आता राखीव जागाही तशीच विखुरायची. एक गेली की तिचा वाटा उरलेल्या अकरा जणी थोडा थोडा आपल्याकडे लिहून घेतात, सगळ्या एकाच वेळी. तीन दिवसांचं काम काही तासांत होतं आणि धोका तेवढ्यावर मिटतो. मग नवी डिस्क सावकाश आणावी. ती आली की सगळं तिच्यात ओतायचं आणि प्रत्येकीची जागा पुन्हा मोकळी. जुन्या पेटीवर हे वरून चढवता येत नाही, सगळं उपसून पहिल्यापासून मांडावं लागतं.

आबांचा पाय मोडला त्या वर्षी आपल्या खाचरात लावणी कशी झाली आठवतं? आपल्यासाठी म्हणून कुणी गडी मोकळा बसला नव्हता. वाडीतल्या प्रत्येक घराने आपली लावणी सांभाळून एकेक माणूस दिला आणि दुपारच्या भाकरीला सगळे बांधावर आले.

आता माझंही ऐक. तुला वाटतं अभय हैदराबादला मोठा साहेब आहे. इथे आमच्या विभागात अकरा जण आहेत आणि बारावा मी. कुठल्याही गिऱ्हाइकाची डिस्क गेली की फोन मला येतो, म्हणून मी शहर सोडायचं नाही असा शिरस्ता पडलाय. मी एकटा, लग्न नाही, म्हणून सगळ्यांनी मलाच धरलं. आबा गेले त्या दिवशी एका बँकेचं काम मोडून पडलं होतं आणि माझ्या जागी बसायला कुणी नव्हतं. मी 'नाही' म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. तुला कामाचं खोटं कारण दिलं असं वाटत असेल, पण खरंच तेवढंच होतं, आणि तेवढंच होतं याचीच मला लाज वाटते.

घाईचं मात्र मला कळत नाही. आईचा आवाज पस्तीस वर्षं पिशवीत होता. अजून दीड महिना थांबेल. थांब ना, ताई.

अभय


बौद्धवाडी वाचनालय
९ सप्टेंबर २०२४

प्रिय अभय,

मेसेज केला होता, 'तिसरीपण गेली', एवढाच. बाकीचं मेसेजात मावणारं नव्हतं.

मी थांबले नाही. डिस्क ४ तारखेला आली. बसवली आणि 'सुरू करा' दाबलं. तू ओरडशील म्हणून तुला कळवलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले. आकडा एकसष्ट टक्क्यांवर आला. मला वाटलं निम्म्याच्या पुढे गेलंय, आता काय होतंय. आणि मी आईची टेप लावली.

आता जे दीड वर्ष लपवलं ते लिहिते. मला भोंगा ऐकू आला नाही, अभय. नऊ दिवस मी त्याच्यासमोर बसून पुस्तकांच्या नोंदी करत होते आणि मला काही ऐकू आलं नाही. फोनवरचे शब्द कळेनासे झाले ते आबा गेले त्याच्या आसपास. मी म्हणायचे रेंज नाही. या फेब्रुवारीत डावा कान पूर्ण गेला. चिपळूणचे डॉक्टर म्हणाले, उजव्यात उरलंय तेही पावसाळा संपेपर्यंत जाईल. कंपनीत सहा वर्षं ब्लोअरच्या धडधडीशेजारी उभी होते, त्याने झालं की आबांचा वारसा, ते त्यांनाही सांगता येत नाही. कानाचं मशीन दिलंय. त्यात नुसती घरघर होते. माणूस बोलतोय एवढं कळतं, काय बोलतोय ते तोंडाकडे बघून ओळखते. वाडीत कुणाला सांगितलं नाही. दर्शना आहेच, तिला काय होतंय!

म्हणून घाई होती. मला ती एकदा पुरी ऐकायची होती. जानेवारीत उजव्या कानाला हेडफोन दाबून दोन ओव्या ऐकल्या त्या अजून कानात आहेत. तिसरी मी राखून ठेवली. मी किती मूर्ख!

टेप लावली, स्पीकर पार मोठा केला. काही नाही. कानाचं मशीन काढलं, पुन्हा घातलं. घरघर आली, पण ती पंख्याचीही असेल. मला वाटलं पेटीच वाजत नाही. आणि सहज दाराकडे बघितलं तर आनंदीबाई, आईबरोबर जात्यावर बसायची ती, उभी होती. हातातली पिशवी खाली पडलेली, आणि रडत होती. तोंडाने म्हणत होती, "चंपा गो, चंपा."

तेव्हा मला कळलं की आवाज येत होता.

मग तिने हात हलवून खूण केली. बंद पडलं. तिसरा दिवा लाल झाला आणि स्क्रीनवर काय काय इंग्रजी आलं. माझ्यामुळे गेलं, अभय. तू थांब म्हणाला होतास.

मी आता काहीही दाबत नाही. दाराला कुलूप लावून घरी बसले आहे. काय करायचं ते सांग, किंवा नको सांगूस.

ताई


हैदराबाद
१३ सप्टेंबर २०२४

ताई,

मेसेज केलाच आहे, तरी पत्रही लिहितो, म्हणजे तुझ्याजवळ राहील.

मी येतोय. वीस तारखेला खेडला उतरेन. साहेबांना सांगितलं, डिस्क गेली तर बाकीचे अकरा जण बघून घेतील. ते म्हणाले, असं कसं, मी म्हटलं, असंच. रजा मिळाली. एवढं सोपं होतं हे मला आबांच्या वेळी का सुचलं नाही, कुणास ठाऊक.

तिसरी मेली असं धरू नकोस. डिस्क एकदम मरत नाही, तिच्यावरचे काही काही ठिपके वाचता येत नाहीत म्हणून पेटी हात वर करते. मी एकेक ठिपका हाताने उतरवून घेईन. कितीही दिवस लागोत.

तुझ्या कानाबद्दल मला लिहिता येत नाही. मी तुला लिहिलं की तू राग पेटीवर काढतेस. नऊ दिवसांचा हिशोब मागितला. ते पत्र जाळून टाक.

आणि एक. मला आईचा आवाज आठवतच नाही, ताई. ती गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. लोक विचारायचे, आठवते का रे आई, मी हो म्हणायचो. साडीचा रंग आठवतो, हात आठवतात. आवाज नाही.

अभय


बौद्धवाडी वाचनालय
८ ऑक्टोबर २०२४

प्रिय अभय,

सप्रेम जयभीम. तू जाऊन दहा दिवस झाले. पेटीवरचा तुझा चहाचा पेला अजून तिथेच आहे, मी धुवायला नेला नाही.

घरात तू आठ दिवस होतास तरी आपण बोललो किती? तू तिसऱ्या डिस्कपुढे मान खाली घालून बसायचास आणि मी तुझ्या मानेकडे बघत बसायचे. पण बरं वाटत होतं. तू जेवताना समोर यायचास, हळूहळू तोंड उघडून बोलायचास, जसं काही मी परदेशातून आलेय. तेवढं नको करत जाऊस, साधं बोललास तरी मला तुझं तोंड वाचता येतं. लहानपणी खोटं बोलायचास तेव्हापासूनची सवय आहे.

तू आणलेल्या दोन डिस्क घालून नवी मांडणी झाल्यावर तू चौथ्या खणातली चांगली डिस्क सरळ ओढून बाहेर काढलीस, मला दाखवायला. आणि मग उरलेले अकराही दिवे एकदम लुकलुकायला लागले. एकही नुसता बसलेला नव्हता. जुनीला तीन दिवस लागायचे, हे दुपारच्या चहाला उरकलं. मी तिथून हलले नाही. मला कुणी लाखाची वस्तू दिली असती तरी एवढं बरं वाटलं नसतं. आणि भोंग्याच्या जागी माझ्या टेबलावर तू लावलेला लाल बल्ब, त्याच्यावर सगुणामावशीने फडका टाकलाय, धूळ बसू नये म्हणून! मी रोज काढते, ती रोज टाकते.

आता त्या संध्याकाळचं. बायका जमल्या, तू टेप लावलीस. सगळ्यांनी ऐकलं, मी एकटीने बघितलं. सगुणामावशी, आनंदीबाई, दोघींची तोंडं सुरुवातीला मिटलेली होती. मग त्या हलक्या डुलायला लागल्या, जात्याच्या खुंट्याला हात असावा तशा. तू सांगितलं होतंस की एकोणीस सेकंद परत मिळाले नाहीत, तिथे गाणं तुटणार. ते कुठे आलं ते मला तुझ्या चेहऱ्यावरून कळलं, तू डोळे मिटलेस. आणि त्याच वेळी दोघींची तोंडं उघडली. त्या गात होत्या. मी ओठांवरून वाचलं:

पुराच्या पाण्यामंदी उभी ऱ्हाईन कंबरभर
लेक माजी शाळंला जाईल कोरड्या पायांवर

मग तू डोळे उघडलेस आणि रडायला लागलास, आणि सगळ्या बायका तुझ्याकडे बघून हसत होत्या. नेमकं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. गडबड झाली, चहा झाला, दुसऱ्या दिवशी तुझी गाडी होती.

तू ऐकलंस. मला लिही. कसा होता तिचा आवाज, कुठे थांबली, कुठे चढली, सगळं. घाई नाही आता. पण सगळं लिही.

वाचनालयाची चावी आता सात घरांत फिरते, एकेक वार एकेकीने वाटून घेतलाय. हे तुझ्या पेटीवरून त्यांनीच ठरवलं. आनंदीबाई म्हणाली, "तू काय जल्मभर हितंच बसनार हायस? जा की भावाकडं." म्हणून नोव्हेंबरात येईन म्हणते.

ताई


हैदराबाद
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम.

लिहायला चार दिवस घेतले, कारण प्रत वाजवून वाजवून, थांबवून थांबवून लिहिलं.

सुरुवातीला नुसतं जातं आहे. घरघर, आणि मध्येमध्ये दगडाला दगड घासल्याचा बारीक आवाज. कुणीतरी खोकतं. आबा असावेत. मग बांगड्या, आणि मग ती. आवाज गोड नाही, ताई. किंचित बसका आहे, नाकात धरलेला. पहिल्या ओळीआधी ती दम घेते तो ऐकू येतो. 'नाचणीच्या पिठासंगं अक्षर दळीते मी', हे सगळं एका दमात म्हणते, आणि 'लेकीच्या पाटीवर नाव माजं वाचीते मी', इथे 'नाव माजं' म्हणताना थोडी हसते. गाता गाता हसते, त्यामुळे सूर हलतो. मग बाकीच्या दोघी तीच ओळ धरतात, सगुणामावशी थोडी मागे पडते. तिसऱ्या ओवीला आई चढते. ती तू राखून ठेवलेली. तिथे जातंही जोरात फिरतं.

मग ते एकोणीस सेकंद. तिथे पेटीत काहीच नाही, कोरं. मी डोळे मिटले, कारण मला ती शांतता नको होती. आणि शांतता आलीच नाही. दोघींनी ओवी उचलली होती. पस्तीस वर्षांपूर्वी तीच ओळ त्या आईच्या मागून म्हणत होत्या ना, त्यांना विचार करावा लागला नाही. त्या 'कोरड्या पायांवर' म्हणत होत्या आणि त्याच शब्दावर आईचा आवाज टेपमधून परत आला. एकत्र, ताई. एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. म्हणून मी रडलो आणि म्हणून त्या हसत होत्या.

मी तुला लिहिलं होतं की आवाज आठवत नाही. त्या संध्याकाळी मी मान वळवून तुला विचारणार होतो, हाच ना? मग लक्षात आलं की आपल्या दोघांत ज्या एकटीला तो ओळखता आला असता तिला तो ऐकू येत नव्हता, आणि ऐकणारा मी, मला ओळख नव्हती. पण इथे येऊन हेडफोनवर ऐकला तेव्हा दुसऱ्या ओवीलाच ओळखला. ती ओळ संपवताना शेवटचं अक्षर खाली सोडून देते. तू मला हाक मारतेस ना, 'अभय', आणि 'य' निम्मा गिळतेस, तेच. मला आईचा आवाज रोज ऐकू येत होता. तुझ्या गळ्यातून येत होता, आणि मी दीड वर्ष तो ऐकला नाही.

आणखी एक आहे. त्या संध्याकाळी आपण गाणं संपल्यावर टेप बंद केली. ती पुढे चालू आहे. आबा यंत्र बंद करायला विसरले असतील. आधी भांड्यांचा आवाज आहे, कुणीतरी पीठ भरतंय. मग सगुणामावशी दुसरं गाणं सुरू करते, मोठ्याने. आणि आई तिला थांबवते. जसं बोलते तसं लिहितो:

"हलू गा गो सगुणा, हलू. माजी दर्शू निजलेय थितं. तिचं कान लय तिखट, लगेच उठल."

मग टेप संपते.

विभागात आता पाळी लागली आहे, तीन महिन्यांत एक आठवडा ज्याचा त्याचा. नोव्हेंबरात माझा नाही. तिकीट काढ, मी स्टेशनवर उभा असेन.

तुझा,
अभय


बौद्धवाडी वाचनालय
२४ ऑक्टोबर २०२४

प्रिय अभय,

पत्र मिळालं. सगुणामावशीला शेवटचं वाचून दाखवलं. ती बराच वेळ माझ्या कानावर हात ठेवून बसली होती. बोलली काही नाही, की बोलली असेल, मी खाली बघत होते.

तिकीट काढलंय, १६ नोव्हेंबरचं. येताना नाचणीचं पीठ आणते.

आल्यावर ते वाक्य मला एकदा म्हणून दाखव. तिच्या हेलात, जसं टेपमध्ये आहे तसं. समोर बस, उजेडात, म्हणजे मला ओठ दिसतील. माझ्यासाठी आवाज चढवू नकोस. आई म्हणाली तसं, हळूच म्हण.

तुझी,
दर्शू